जर्मन, जपानी आणि कडेची माणसं

मागल्या महिन्यात माझा नातू अनिकेत पुण्याहून आला, तो चपला काढायच्या आधीच म्हणाला, "आजी, पणजोबांचे कॅमेरे कुठे ठेवलेस?" म्हटलं, बाबा, आधी पाणी तरी पी. पण ऐकतोय कोण! पुण्यात म्हणे तरुण पोरापोरींना आता पुन्हा रोलचं वेड लागलंय. मोबाइलवर फुकटात हवे तेवढे फोटो निघत असताना ही पोरं बारा फोटोंचा रोल घालतात, धुवायला देतात आणि वाट बघत बसतात. वाट बघण्यातच मजा असते, हे तो मला समजावून सांगत होता. मला! जिचं सगळं बालपण फोटो धुवायच्या हायपोच्या वासात गेलं तिला! शेवटी माळ्यावरची पत्र्याची पेटी त्यालाच काढायला लावली. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, जुन्या सदऱ्यांत गुंडाळलेले दोन्ही कॅमेरे त्यानं टेबलावर शेजारी शेजारी मांडले, मागून-पुढून बघितले आणि विचारलं, "आजी, मिडियम फॉरमॅटमध्ये हे दोन्ही एकदम क्लासिक आहेत गं. पण तुला काय वाटतं, हाताळायला कुठला चांगला? आणि क्वालिटी कुठल्याची भारी?" मी म्हटलं, चहा टाकते. आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ह्याच प्रश्नापायी आमच्या घराचं एक अख्खं वर्ष गेलं होतं. ते आता लिहूनच काढते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

आमच्याकडं मिडियम फॉरमॅट वगैरे कुणी म्हणत नव्हतं. वन-ट्वेंटीचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो, संपलं. शिरूरला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढची खोली म्हणजे स्टुडिओ, मधली खोली म्हणजे घर, आणि मागचं स्वयंपाकघर एरवी आईचं, पण खिडकीला घोंगडी लावली की आप्पांची डार्करूम. आप्पा आत असले की दार उघडायची बिशाद नव्हती. पीठ आत, चहाची पूड आत, पाण्याचा माठ आत, आणि पाहुणे बाहेर. "जरा थांबा हं, चहा धुवायला टाकलाय," असं माझा थोरला भाऊ विलासदादा पाहुण्यांना सांगायचा आणि आईचा रट्टा खायचा. आमच्या भाकरीलाही हायपोचा वास येतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर येत होताच. फक्त ज्या दिवशी आई सुके बोंबील करायची त्या दिवशी बोंबील जिंकायचे. सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी, स्टँडवरच्या कंडक्टरच्या घंटीनं आणि मोरीतल्या बादलीत फोटो धुताना होणाऱ्या चुळुकचुळुक पाण्यानं. धुतलेले फोटो मधल्या खोलीत दोरीवर वाळत असायचे. आम्ही जेवायला बसलो की वरून अनोळखी नवरा-नवऱ्या, पेन्शनवाले म्हातारे आन् नुकतं जावळ काढलेली पोरं आमच्या ताटात बघत असायची.

कॅमेरे दोन. एक जर्मन, एक जपानी. त्यांची खरी नावं होती, पण घरात कुणी घेत नव्हतं. दोन्ही दोन डोळ्यांचे. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालच्या डोळ्यानं फोटो निघणार. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं, आन् मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडं दिसतं. माणूस डावीकडं सरकवायचा तर काचेत तो उलटाच पळतो. नवख्या माणसाला गरगरल्यासारखं होतं, पण आप्पांना त्याची इतकी सवय झालेली की ते गल्लीतून चालतानासुद्धा समोरच्याला चुकून उलट्या हातानं वाट दाखवायचे. काचेवर एक छोटं भिंग उघडायचं. फोकस नीट लागलाय का ते बघायला. बाकीचे फोटोग्राफर फोकसपुरतं भिंग वापरायचे, आमचे आप्पा मात्र फोटो होईपर्यंत भिंगाला डोळा चिकटवून असायचे. "भिंगातनं बघितल्याबिगर माणूस कळत न्हाई," म्हणायचे.

घरात ह्यावरून सरळ दोन पक्ष होते. विलासदादा जपानी पक्षाचा. जपानीला बाजूला एक दांडी होती, ती गर्रकन फिरवली की रोल पुढं आणि शटर तयार. हलका, काच लख्ख, लग्नाच्या घाईत दहा जणांनी ढकललं तरी चालणारा. जर्मनला रोल पुढं न्यायला गोल बटण फिरवत बसावं लागायचं, शटर वेगळं चढवावं लागायचं, काच अंधारी, आणि वजन म्हणाल तर गळ्यात पाटा अडकवल्यासारखं. "आप्पा, तुमच्या जर्मनचं बटण फिरंस्तवर नवरी सासरी जाऊन येती," दादा म्हणायचा. आप्पा नुसतं हसायचे. त्यांचं उत्तर तयार असायचं, पण ते तोंडानं नाही द्यायचे, दोन फोटो शेजारी शेजारी टाकायचे. आमच्या वस्तीतल्या लग्नांत नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, आणि रंग आमचे उन्हात रापलेले. जपानीत साडीची पांढरी चादर व्हायची आणि चेहरा काळा ठिक्कर. जर्मनमध्ये साडीची चुणीन् चुणी दिसायची आणि चेहऱ्यावर गालाची लाली नसली तरी गाल कुठं संपतो आणि हनुवटी कुठं सुरू होते ते कळायचं. "आपल्या माणसाचा रंग ह्या जर्मनलाच कळतो," आप्पा म्हणायचे. आई कुठल्याच पक्षाची नव्हती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं देवीचे व्रण आणि सुरकुत्या बुजवायचं काम तिचं. ती म्हणायची, "जर्मनच्या निगेटिवला मला पेन्सील कमी लागती. बाकी तुमचं तुम्ही बघा."

त्या वर्षी आप्पांना घर अपुरं पडायला लागलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. दाराच्या चौकटीला खांदा आपट, उंबऱ्याशी ठेवलेल्या हंड्याला लाथ बस, जेवताना उजव्या अंगाला ठेवलेला तांब्या कलंडव. आई वैतागायची. "अहो, डोळे कुठं ठिवून आलात? हंडा हाय का उंदीर, की दिसू नये?" आप्पा म्हणायचे, "तू हंडा वाटंत ठिवलास." आई म्हणायची, "व्हय, पंधरा वर्सं तिथंच ठिवतीय." आम्ही पोरं हसायचो. हसण्यासारखंच होतं ते. घरातला माणूस आंधळा होतोय हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही हो, विशेषतः जो माणूस संध्याकाळच्या उजेडात पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवतो त्याच्याबद्दल. दादा तेव्हा नुकताच पाटसच्या साखर कारखान्यावर कामाला लागला होता, उसाचं गाळप संपून पट्टा पडल्यावरच घरी यायचा. त्यामुळं लग्नाच्या ऑर्डरींना पिशवी घेऊन आप्पांबरोबर मी जायला लागले.

इनामगावला एक लग्न होतं. बुद्धवंदना झाली, मंगलमैत्री झाली, जेवणाआधी सगळ्यांचा एक ग्रुप फोटो. आप्पांनी जर्मन स्टँडवर लावला, हातानं माणसं जुळवली, भिंगाला डोळा लावला आणि ओरडले, "सगळी आली! हलू नका!" टिच्. आठवड्यानं नवरीचा बाप शिरूरला फोटो न्यायला आला. मोलमजुरी करणारा माणूस, हातात टोपी, अंगात लग्नातलाच सदरा. फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, ह्यात म्या कुठं हाय?" आप्पांनी फोटो घेतला. बाप टोकाला उभा राहिला होता, लाजरा माणूस, पोरीचं लग्न असून मधे यायला संकोचला होता. फोटोच्या कडेला एक कोपर होतं. नुसतं कोपर, बाही दुमडलेलं. "हे कोपर माझंच हाय," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असू द्या. पोरगी छान आलीय." आणि फोटो पिशवीत घालून निघून गेला. मी म्हटलं, "आप्पा, फ्रेममध्ये घेतलं नाही का त्यांना?" ते एकदम उसळले. "घेतलं व्हतं! मला दिसत व्हतं सगळं. ही काच कडंनं काळी पडायला लागलीय. जर्मन म्हातारा झाला."

आणि इथून सुरू झाली ती तुलना. अनिकेतला जी हौस म्हणून करायची आहे ती आमच्या आप्पांनी जिवाच्या आकांतानं केली. आधी जर्मनची काच काढून पुसली, मग आतला आरसा पुसला. मग पुण्याला कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडं नेला. त्यानं खोलून बघून सांगितलं, काही झालेलं नाही, ठणठणीत आहे. आप्पांनी त्याला परतीच्या गाडीत शिरूर येईपर्यंत शिव्या घातल्या. मग जपानी हातात घेतला. दादाला वाटलं आपला पक्ष जिंकला. पण महिनाभरात आप्पा म्हणायला लागले, "ह्याची बी काच कडंनं काळी हाय. समदी कंपनीवाली चोर." आई पेन्सिलीचं टोक काढता काढता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." नेहमीसारखंच म्हणाली, चिडवायला. आप्पा हसले नाहीत. आईनं ती म्हण त्यानंतर पुन्हा कधीच उच्चारली नाही, माझ्या लग्नातल्या थट्टेतसुद्धा नाही.

घराच्या मागच्या भिंतीशी परीक्षा चालायच्या. भिंतीवर आई चुन्याच्या रेघा मारून द्यायची. मी एका टोकाला, शेजारची कुणीतरी दुसऱ्या टोकाला, मधे खुर्चीवर आई. त्याच जागेवरून, त्याच उजेडात, आधी जर्मन, मग जपानी. मग घोंगडी लावून धुलाई, आणि ओल्या निगेटिव्ह उजेडाला धरून भिंगाखाली तपासणी. आईच्या साडीचा धागान् धागा मोजावा इतकी स्वच्छ. तिच्या कानातल्या फुलाचा खडा चमकतोय. आणि टोकाला मी कधी अर्धी, कधी नाहीच. कधी नुसता माझा शेपटा. आप्पा म्हणायचे, "मधलं बघ. मधलं असं कातीव आलंय. डोळा खराब असता तर असा फोकस लागला असता व्हय?" आणि त्यांचं खरंच होतं, हीच तर गंमत. गंमत कसली डोंबलाची! मी एकदाच धीर करून म्हटलं, "आप्पा, एकदा डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू या." ते उठले, आईच्या डब्यातून सगळ्यात बारीक सुई काढली, माझ्यासमोर धरली आणि ओवली. "हे बघ. आता बोल." मी नववी शिकलेली पोर, आणि समोर सुईतून निघालेला दोरा. त्या दिवशी मला आप्पांचा इतका राग आला आणि त्याच वेळी त्यांना कवेत घ्यावंसं वाटलं, की मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो दरवर्षी आप्पाच काढायचे. त्या वर्षी वस्तीतली निम्मी माणसं कडेला कापली गेली. कुणी तोंडावर बोललं नाही, आप्पांचा मान होता. पण पुढच्या लग्नाला नव्या कलर स्टुडिओवाल्याला बोलावलं. आम्हाला वाटलं, आता तरी ऐकतील. पण आप्पांनी उलट घोंगडी जास्तच घट्ट लावायला सुरुवात केली. आई जेवायला हाक मारायची आणि आतून म्हणायचे, "थांब, तुलना चाललीय." भाकरी गार व्हायची. आई चुलीपुढं नुसती बसून राहायची, आणि मी तिच्याकडं बघत बसायची. आम्ही दोघी एकमेकींना काही म्हणत नव्हतो. म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी आमच्या मनात असणार.

शेवटी दादानं दौंडला रशीदचाचांच्या कानावर घातलं. रशीदचाचा आप्पांचे लहानपणचे मित्र, शिरूरला एकाच गल्लीत दोघं गोट्या खेळलेले. पुढं चाचा रेल्वेत लागले, इंजिन ड्रायव्हर झाले आणि दौंडला क्वार्टरमध्ये राहायला गेले. चाचा आप्पांना लक्ष्या म्हणायचे. त्यांनी निरोप धाडला, "लक्ष्याला सांग, इकडं एका गार्डाकडं तिसराच कॅमेरा हाय, एका डोळ्याचा. एक दिवसासाठी मागून घेतलाय. येऊन तुलना कर म्हणावं." आप्पा त्या निरोपानं पोरासारखे हरखले. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. जर्मन माझ्या गळ्यात, जपानी आप्पांच्या. चौफुल्याला उतरून दौंडची गाडी धरायची होती. उतरताना आप्पांची पायरी चुकली आणि ते कंडक्टरच्या अंगावर गेले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, जरा बघून." आप्पा म्हणाले, "तुझी पायरीच वाकडी हाय."

शकीलाचाचींनी दालचा-खाना केला होता. आम्हाला तिथं नेहमीच पोटाला तडस लागेस्तवर खायला घालायच्या. आप्पा मात्र दोन घासांत उठले आणि कॅमेरा बघायला बसले. तो चौकोनी जाड डबाच होता, पुढं एकच भिंग. ज्यातून फोटो निघणार त्यातूनच बघायचं. "म्हंजी हा खोटं बोलू शकत न्हाई," आप्पा खूश होऊन म्हणाले. "जे दिसंल तेच येणार." क्वार्टरच्या मागं मोकळं मैदान होतं. चाचा, चाची, मी, असे ओळीनं उभे राहिलो. आप्पांनी डबा छातीपर्यंत उचलला, भिंगाला डोळा लावला, आणि बटण दाबलं. आतला आरसा धाडकन वर आपटला, एवढ्या जोरात की तारेवरचा कावळा उडाला. आणि आप्पा ओरडले, "गेलं! रशीद, गेलं! समदं काळं झालं!"

झालं काहीच नव्हतं. त्या जातीच्या कॅमेऱ्यात फोटो निघाला की आरसा वरच राहतो, पुन्हा चावी फिरवेपर्यंत काच अंधारीच राहते. चाचांना गार्डानं ते सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी पुढं होऊन चावी फिरवली आणि काच उजळली. पण आप्पा तो डबा दोन्ही हातांनी आवळून उभे होते. मी माझ्या बापाला घाबरलेलं तोपर्यंत कधी बघितलेलं नव्हतं. चाचांनी तो कॅमेरा हळूच त्यांच्या हातून काढून घेतला, चाचींकडं दिला आणि म्हणाले, "चल लक्ष्या, जरा पुलावर जाऊन येऊ. सुमे, तू बी चल."

रेल्वेच्या पादचारी पुलावर उजेड भरपूर होता. खाली मालगाडी लागली होती. चाचांनी आप्पांना कठड्याला टेकवून उभं केलं आणि स्वतः समोर उभे राहिले. "माझ्या नाकाकडं बघ. मान हलवायची न्हाई, डोळं हलवायचं न्हाई. मी बाजूनं बोट आणतो. दिसलं की व्हय म्हण." आप्पा म्हणाले, "हे काय पोरखेळ लावलाय?" चाचा म्हणाले, "आमचं मेडिकल असतं तवा करत्यात हे. कर की माझ्यासाठी." त्यांनी उजवा हात लांब पसरला आणि बोट हलवत हलवत आत आणायला लागले. खांद्याच्या रेषेत आलं. आप्पा गप्प. कानाच्या रेषेत आलं. आप्पा गप्प. बोट जवळजवळ चाचांच्या गालाशी आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "व्हय, दिसलं. आणलंस का न्हाई अजून म्हणून वाट बघत व्हतो." दुसऱ्या बाजूनंही तेच. मग वरून. मग खालून. चाचांचा चेहरा मला दिसत होता. इंजिन चालवून चालवून काळवंडलेला, कुणाच्या बापाला न घाबरणारा माणूस, पण ओठ दाताखाली धरून उभा होता. त्यांच्या शेडमधल्या एका जोडीदाराला ह्याच परीक्षेत इंजिनावरून उतरवलं होतं, हे मला पुढं कळलं.

आप्पा म्हणाले, "मंग? झाली परीक्षा? आता सांग, तिन्हीत चांगला कुठला?"

चाचा म्हणाले, "समदे चांगले हायेत रे, लक्ष्या. कॅमेरा चांगलाय."

बस, एवढंच म्हणाले. खालची मालगाडी हलली, डबे एकमेकांवर आदळत गेले, त्या आवाजात आप्पा काहीतरी बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी गळ्यातला जपानी काढून माझ्या गळ्यात घातला. दोन्ही कॅमेऱ्यांचं ओझं मानेला रुतत होतं आणि मी रडत होते. मला वाटलं, मी रडतेय ते आप्पांना दिसत नसेल, मी त्यांच्या बाजूला उभी होते ना. पण त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि हात ठेवला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चाचा स्वतः रजा काढून आमच्याबरोबर आले. काचबिंदू. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. कडेकडेनं नजर जाते, दुखत नाही, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. जिथं दिसत नाही तिथं काही नाहीच, असं मेंदू ठरवून टाकतो. आप्पांनी विचारलं, "चष्मा?" डॉक्टर म्हणाले, "नाही." "आपरेशन?" "आहे ते राखायला करता येईल. गेलेलं परत येत नाही." मग आप्पांनी फोटोग्राफरनं विचारावं तसं विचारलं, "साहेब, लेन्स तर चांगलीय ना माझी?" डॉक्टर म्हणाले, "लेन्स उत्तम आहे. मागची नस वाळतेय." "म्हंजी फिल्म," आप्पा म्हणाले. "फिल्म खराब झाली. आन् रोल काय बदलता येत न्हाई." आई पदराआड तोंड करून बसली होती. मला त्या क्षणी त्या डॉक्टरांचा, चाचांचा, सगळ्या जगाचा राग आला. काहीतरी करा ना कुणीतरी, असं ओरडावंसं वाटलं. पण करण्यासारखं होतं ते एवढंच, सकाळ-संध्याकाळ थेंब.

थेंब आई घालायची. आम्ही नुसतं बघायचो आणि घरातल्या वस्तू कडेला सरकवायचो. स्टुडिओ वर्षभर कसाबसा चालला. पासपोर्ट फोटोला अडचण नव्हती, एकच माणूस, मधोमध. त्यात आप्पांचा हात शेवटपर्यंत कुणी धरला नाही. ग्रुप मात्र बंद. मग एके दिवशी दादाचं पाटसला पोरगी बघून लग्न ठरलं आणि आप्पा म्हणाले, "घरातली समदी जमलीयत तर एक फोटो काढतो. जर्मननं." दौंडहून रशीदचाचा-चाची आलेले. आम्ही मागच्या भिंतीशी गेलो, जिथं परीक्षा व्हायच्या. आईनं मारलेल्या चुन्याच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. आप्पांनी स्टँड लावला, भिंग उघडलं, डोळा लावला आणि विचारलं, "सगळी आली का?" आम्ही सांगून ठरवून काही केलं नाही. पण आई दादाच्या अंगाला चिकटली, मी आईच्या, चाचा दादाच्या मागं घुसले, चाची माझ्या अंगावरच रेलल्यासारख्या. खांद्यात खांदे रुतवून सगळे मधे गोळा झालो. दादाची होणारी बायको लाजत दूर उभी होती, तिला चाचींनी हाताला धरून ओढून घेतली. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आली. आज समदी दिसली मला." टिच्.

तो फोटो माझ्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो की दोन्ही बाजूंना एवढी भिंत मोकळी असताना ही माणसं अशी का दाटीवाटीनं उभी आहेत, गर्दी आहे का काय. कडा कापून मोठा करून देतो, असंही एकानं सांगितलं. मी म्हटलं, हात लावून बघ त्याला. माझ्या घरच्यांना ही सगळी गोष्ट ठाऊक आहे, माझ्या तोंडून त्यांनी ती इतक्यांदा ऐकलीय की सूनबाई आता पुढचं वाक्य आधीच म्हणते. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते वेगळंच. गेली दोन वर्षं मीही डोळ्यांत थेंब घालते. आप्पांचा वारसा म्हणून दोन कॅमेरे आले आणि हे आलं. दवाखान्यातल्या मशीनमध्ये डोकं घालून लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं, त्यात मी दर वेळी नापास होते. बाटली फ्रिजच्या दारात अंड्यांच्या मागं ठेवते. आईला सासरी नि माहेरी कुणाला काही सांगायची सोय नव्हती, मला सगळ्यांना सगळं सांगायची सोय आहे, तरी नाही सांगितलं. मुलगा घाबरट आहे. आणि सांगून कुणी काय करणार होतं?

चहा झाल्यावर अनिकेत म्हणाला, "आजी, माझ्याकडं रोल आहे. जर्मनमध्ये घालू या? पहिला फोटो तूच काढ." त्यानं रोल घातला, मी सांगितलं तसं बटण फिरवलं, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मुलगा, सून, अनिकेत, त्याची बहीण, चौघं बाल्कनीच्या भिंतीशी उभे राहिले, ऐसपैस, हात पसरून, आजकालची पोरं उभी राहतात तसे. मी झाकण उघडलं, भिंग उचललं आणि डोळा लावला. काच कडेनं काळी होती. मधे सून आणि अनिकेत, बाकी कुणी नाही. मी मान न हलवता तशीच थांबले. आणि सवयीनं तोंडून निघून गेलं, "सगळे आलात का?"

काचेत काळ्या कडेतून हळूच एक खांदा आत आला. मग नातीची वेणी. मुलगा अनिकेतच्या मागं सरकला, नात आईच्या कुशीत शिरली, आणि चौघं एकमेकांना घट्ट चिकटून काचेच्या मधोमध उभे राहिले. माझ्याकडं बघत होते. सूनबाईचे डोळे भरलेले होते, भिंगातून ते अगदी स्वच्छ दिसलं.

"आजी," अनिकेत म्हणाला, "कसाय कॅमेरा?"

"चांगलाय रे बाबा," मी म्हणाले, "कॅमेरा चांगलाय," आणि बटण दाबलं.